बीएएसएलपी घेऊ का? स्पीच थेरपीत येऊ पाहणाऱ्या मुलीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सोलापूरची, बारावी सायन्स झालेली. नीटला एमबीबीएस मिळेल इतके गुण नाहीत. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीच्या, यादीत बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा उपचारांची पदवी दिसतेय. वडील म्हणतात फिजिओथेरपी घे, मामा म्हणतो या डिग्रीचं नाव तरी कुणी ऐकलंय का. तिला विचारायचंय की काम मिळतं का, पैसे मिळतात का, परदेशी जाता येतं का, आणि "मला लहान मुलं खूप आवडतात, एवढं पुरेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. एवढं पुरणार नाही. मुलं आवडतात म्हणून आलेल्या पुष्कळ मुली इंटर्नशिपपर्यंत वैतागलेल्या मी पाहिल्यात. आमच्याकडे येणारं मूल बोबडं बोलून हसवणारं नसतं. ते बोलत नसतं, टेबलाखाली जाऊन बसतं, हाताला चावतं, आणि त्याच्याकडून "दे" एवढा एक शब्द यायला कधी कधी तीन-चार महिने जातात. शिवाय निम्मे पेशंट मुलं नसतातच. ते आजोबा असतात, घशाच्या कॅन्सरचे रुग्ण असतात, आवाज बसलेल्या शिक्षिका असतात. वीसेक वर्षं हे काम करताना, पुढे चांगल्या निघालेल्या विद्यार्थिनींमध्ये मला दोन गोष्टी सारख्या दिसल्या. लोक कसं बोलतात ते ऐकत राहायची त्यांना खोड असते. बसमध्ये मागच्या सीटवरचं भांडणसुद्धा त्या व्याकरणासकट ऐकतात. आणि हळूहळू होणाऱ्या बदलाचा त्यांना वीट येत नाही. या दोन्ही गोष्टी तुझ्यात असतील तर नीटचे गुण विसर. नसतील तर केवळ यादीत नाव लागतंय म्हणून ही जागा अडवू नकोस.

रोजचं काम कसं असतं ते एका साध्या उदाहरणावरून सांगते. साडेचार वर्षांचा मुलगा "काका"ला "ताता" म्हणतो, "केळं"ला "तेळं". घरात सगळ्यांना कळतं, म्हणून कुणाला घाई नव्हती. आजी म्हणाली, याचा बापही उशिराच नीट बोलायला लागला. कुणीतरी वेखंड चाटवायला सांगितलं, कुणी म्हणालं जीभ खाली चिकटलीय, कापून घ्या. बालवाडीत मुलं चिडवायला लागली तेव्हा आमच्याकडे आणला.

पहिलं काम म्हणजे कान तपासणं. कितीही स्वच्छ केस वाटली तरी ऐकू नीट येतंय हे कागदावर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग तोंड, टाळू, जिभेची हालचाल. जीभ बहुतेक वेळा ठणठणीत असते. मग त्याच्या बोलण्याची यादी करायची. फक्त "क" चुकतो, की "ख", "ग", "घ" हे सगळेच पुढे सरकून "त", "थ", "द", "ध" होतात? सगळेच सरकत असतील तर एक अक्षर चुकतंय असं समजायचं नाही. जिभेची मागची बाजू उचलायची असते हे त्याच्या डोक्यात अजून बसलेलं नाही, आणि ते एकदा बसलं की बाकीची अक्षरं बरीचशी आपोआप मागून येतात.

त्यानंतर ऐकण्याचा खेळ. एका चित्रात बटाट्याचे काप, दुसऱ्यात तापाने झोपलेला मुलगा. "काप दाखव", "ताप दाखव." पुष्कळदा त्याला दुसऱ्याच्या तोंडून फरक कळतो, स्वतःच्या तोंडून कळत नाही. मग आपण मुद्दाम चुकायचं. तो काप मागताना "ताप दे" म्हणाला की गंभीर चेहऱ्याने त्याला तापाचं चित्र द्यायचं. तो चिडतो. ती चीड फार उपयोगाची असते, कारण आपलं बोलणं समोरच्याला चुकीचं पोचतंय हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा टोचतं.

आवाज काढायला युक्त्या आहेत. त्याला चटईवर उताणं झोपवलं की जीभ आपसूक मागे पडते. किंवा जिभेचं टोक लाकडी पट्टीने हलकेच खाली दाबून धरायचं आणि म्हणायचं, आता "त" म्हण. टोकाला वर जाता येत नाही, मग मागचा भाग उचलला जातो आणि तोंडातून "क" निघतो. तोही दचकतो, आईही. तिथून पुढे "अक", "इक", मग "नाक", "चूक", मग शब्दाच्या सुरुवातीला, मग वाक्यात. क्लिनिकमध्ये झकास "काका" म्हणतो आणि जिना उतरून खऱ्या काकाच्या स्कूटरवर बसला की पुन्हा "ताता". खरं काम तिथे सुरू होतं, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. तेव्हा शिकवायचं असतं आजीला. कधी टोकायचं, कधी सोडून द्यायचं, चारचौघांत चुकून कधी टोकायचं नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास मूल माझ्याकडे असतं. बाकी सगळा आठवडा घरात. घरच्यांना कामाला लावता येत नसेल तर या व्यवसायात हुशारी फारशी उपयोगी पडत नाही.

हे सगळं मराठीत चालतं, आणि इथे तुझं भांडवल तुला वाटतं त्याहून मोठं आहे. आमची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत, बऱ्याच चाचण्यांचे मूळ आराखडेही इंग्रजीतले. इंग्रजी शब्दयादीचं भाषांतर करून मराठी मुलाला तपासलं की गोंधळ होतो. आपल्याकडे "चार"मधला च वेगळा आणि "चारा"मधला वेगळा. "ळ" आहे, आणि तो मुलांच्या तोंडी उशिरा येतो. "बाळ"चं "बाल" हे लहान वयात अगदी स्वाभाविक. आई-आजीच्या सहवासात वाढलेला अडीच वर्षांचा मुलगा "मी जाते" म्हणतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. अकोल्याकडचं मूल "केळं"ला "केयं" म्हणालं तर ती वऱ्हाडी आहे, उच्चारदोष नव्हे. खेड्यातून आलेल्या मुलाचं "पानी" दुरुस्त करायला बसलेली इंटर्न मी पाहिलीय. त्याच्या घरात सगळेच पानी म्हणतात! बोली आणि दोष यांतला फरक कानाने ओळखणं हे आमच्या कामातलं मोठं कसब, आणि ते पुस्तकातून फार थोडं येतं. तू सोलापूरची. आजूबाजूला तेलुगू, कानडी, उर्दू ऐकत वाढली असशील. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी असं मूल समोर आलं की तू इतरांपेक्षा चार पावलं पुढे असशील.

दोन-तीन भाषांवरून आठवलं. "मूल बोलत नाही म्हणून घरी फक्त इंग्रजीच बोला" हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. लांबतं ते कुणीच नीट न बोलल्याने. मराठी आई मोडक्या इंग्रजीत "बेबी, ईट, ईट" करत राहते तेव्हा मुलाच्या वाट्याला येणारी भाषाच आटते. अशा आईला परत तिच्या स्वतःच्या भाषेत गप्पा मारायला लावणं हीसुद्धा थेरपीच.

आता मोठ्यांबद्दल, कारण मुलाखतीला येणाऱ्या कुणालाच ही बाजू माहीत नसते.

पक्षाघातानंतर अनेकांची भाषा जाते. याला अफेजिया म्हणतात. माणूस वेडा झालेला नसतो, बहिराही नसतो, शब्द सापडत नसतात. समोर कपात चहा आहे, हवाही आहे, पण "चहा" येत नाही, "ते... ते... आपलं ते..." एवढंच येतं. त्याच माणसाला गणपतीची आरती सुरू करून दिली की तो शेवटपर्यंत म्हणतो. शिव्याही स्वच्छ येतात, आणि सून हे ऐकून अवघडते. आज कोणता वार असं विचारलं तर येत नाही, पण सोमवारपासून मोजत आणलं की गुरुवारपाशी थांबतो. पाठ झालेली, ठेक्यात बसलेली भाषा आणि मनातलं सांगण्याची भाषा मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने चालवतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि खाटेशेजारी बसून बघणं वेगळं. त्या वाटांचा उपयोग करून घेत घेत पुन्हा "चहा"पर्यंत यायचं. कुणाचं खूप परत येतं, कुणाचं थोडं. नातेवाईक पहिल्याच दिवशी विचारतात, "पूर्ण बरे होतील ना?" या प्रश्नाला खोटं न बोलता आणि धीर न खचवता उत्तर द्यायला शिकणं मला अभ्यासक्रमातल्या कुठल्याही पेपरपेक्षा अवघड गेलं.

आणि गिळणं. स्पीच थेरपिस्ट गिळण्यावर काम करतो हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. बोलायचे आणि गिळायचे स्नायू बरेचसे तेच. पक्षाघात, पार्किन्सन्स, डोक्याला मार, तोंडाचा कॅन्सर, या सगळ्यांत घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. ठसका लागला तर कळतं तरी. काहींना ठसकाही लागत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. घरच्यांना वाटतं पाणी सर्वांत हलकं, तेच आधी द्यावं. प्रत्यक्षात कमजोर घशाला पातळ पाणी आवरायला सर्वांत कठीण, ते फार वेगाने जातं. दाट पेज, मऊ शिरा त्या मानाने सोपं. आमटी-भात घातकी, कारण एकाच घासात पातळही आणि शितंही. कोरडे पोहे घशात विखुरतात. म्हणून मी वॉर्डात गेले की आधी पेशंट किती उठून बसलाय ते बघते, मग ताटात काय आहे ते. आडव्या पेशंटला प्रेमाने चमच्याने चहा पाजणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक वॉर्डात दिसतात. मोठ्या रुग्णालयांत नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा बेरियम पाजून एक्स-रेवर गिळताना प्रत्यक्ष बघता येतं. ही सोय नसेल तिथे हात घशावर ठेवून, कान देऊन आणि शंका मनात ठेवून काम करावं लागतं.

महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्या कृपेने तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट कमी पडत नाहीत. स्वरयंत्र काढून टाकलेला माणूस मानेवर केलेल्या छिद्रातून श्वास घेतो. त्याला आवाज द्यायचे तीन मार्ग आहेत. अन्ननलिकेत हवा घेऊन बोलायला शिकवणं, गळ्याला लावायचं कंपनयंत्र, किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली छोटी झडप. झडप बसवल्यावर तो अंगठ्याने छिद्र बंद करतो आणि बोलतो. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी हे काम जवळून बघायला मिळतं. तरुण मुली या शाखेकडे फारशा वळत नाहीत, सगळ्यांना मुलांचं सेंटर काढायचं असतं. माझं मत विचारशील तर पुढच्या काळात हुशार थेरपिस्टची खरी गरज याच बाजूला आहे.

कानाची बाजूही तुझ्या डिग्रीत आहे, कारण बीएएसएलपी म्हणजे श्रवण आणि वाचा दोन्ही. पदवीनंतर तू ऑडिओलॉजिस्टही असतेस. नवजात बाळाची ऐकण्याची प्राथमिक तपासणी पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तिसऱ्यापर्यंत आणि मशीन किंवा उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे मूल दोन-अडीच वर्षांचं होईतो कुणाच्या लक्षात येत नाही. थाळी वाजवल्यावर वळतं, म्हणजे ऐकू येतं, अशी घरोघरी खात्री असते. बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजायची तपासणी. तिच्यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. "रात्री कमी झोपवून आणा" सांगितलं तरी ते रिक्षात झोप काढून टवटवीत होऊन येतं, आणि मग अख्खी दुपार इलेक्ट्रोड हातात घेऊन, दिवे मंद करून, आई अंगाई म्हणतेय आणि तू दाराबाहेर मोबाइल वाजू नये म्हणून पहारा देतेयस. हे काम मजेशीर वाटत असेल तर तुला ऑडिओलॉजी आवडेल. कॉक्लिअर इम्प्लांटचंही, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचंही, असंच. शस्त्रक्रियेची बातमी होते. नंतर दोन-तीन वर्षं मुलाला आवाजांचा अर्थ लावायला शिकवणाऱ्या थेरपिस्टची होत नाही.

आता शिक्षण. डिग्री ४ वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे नाशिकच्या एमयूएचएसशी, संलग्न महाविद्यालयांचे प्रवेश नीटच्या गुणांवर कॅपमधून होतात. मैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते, तिचं माहितीपत्रक स्वतंत्र बघावं लागतं. नियम बदलत राहतात, म्हणून यंदाचंच माहितीपत्रक वाच, ताईच्या वेळचं नको. मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम १९६६पासून चालतो. देशातल्या सुरुवातीच्यांपैकी तो एक. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ची. पुण्यात भारती विद्यापीठात आहे. मैसूरची ती संस्था १९६५ची, आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, पेशंटची विविधता या सगळ्यांत तिचा दबदबा आजही आहे. तिथे जायला मिळालं तर कानडी येत नाही म्हणून कच खाऊ नकोस. सोलापूरकराला कानडी किती दिवस जड जाणार?

पहिल्या वर्षी एक धक्का बसतो. मुलींना वाटतं बायोलॉजी असेल, आणि समोर येतं ध्वनीचं भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, पुढे संख्याशास्त्र. डेसिबल हा लॉगरिदम आहे हे कळेपर्यंत निम्मा वर्ग रडकुंडीला येतो. फिजिक्स सोडवत नव्हतं म्हणून इकडे येत असशील तर इथेही ते भेटणारच. भाषाशास्त्राला मात्र कंटाळू नकोस. परीक्षेत ते दुय्यम वाटतं, पण दहा वर्षांनी कुठला विषय कामी आला असं विचारलंस तर मी तोच सांगेन.

पदवी मिळाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी करावी लागते. १९९२च्या कायद्यानुसार या नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम बघून हसू येतं, आणि त्यामुळेच असेल, पण तीन महिन्यांचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगून थेरपी सेंटर चालवणारे गल्लोगल्ली आहेत. तुला तुझ्याच शहरात त्यांच्याशी स्पर्धा करावी लागेल. एक वर्षाचा डीएचएलएस नावाचा डिप्लोमाही आहे. तो सहायकाचा कोर्स आहे. कुणी "तेच ते, लवकर होतं" म्हणून गळ्यात मारायला आलं तर घेऊ नकोस. आणि हो, बीएएसएलपीनंतर नावामागे डॉक्टर लागत नाही. पालक म्हणतील, रिसेप्शनवाली म्हणेल, सासरचे तर नक्कीच म्हणतील. सवय लावून घेऊ नकोस.

पैशांचं सरळ सांगते. इंटर्नशिपचं विद्यावेतन कॉलेजगणिक वेगळं, काही ठिकाणी नाममात्र. पहिली दोन-तीन वर्षं खासगी सेंटरमध्ये पगार इंजिनिअर झालेल्या मैत्रिणीपेक्षा कमीच असेल. सरकारी कायम जागा थोड्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाल्यावर जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, उभी राहिली. तिथे ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टची पदं असतात, पण बहुतांश कंत्राटी, दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार असलेली. विशेष शाळा, वैद्यकीय महाविद्यालयांचे कान-नाक-घसा विभाग आणि मोठी खासगी रुग्णालयं हे बाकीचे पर्याय. श्रवणयंत्रांच्या कंपन्या सुरुवातीला पगार बरा देतात, पण त्यात महिन्याला इतकी यंत्रं विकायची असं लक्ष्य असतं. पंच्याहत्तरीच्या आजींना टीव्हीचा आवाज नीट यावा एवढीच गरज असताना त्यांच्या गळ्यात सर्वांत महागडं मशीन मारायला लावलं जातं, आणि ते सोसलं नाही म्हणून नोकरी सोडलेल्या मुली मला ठाऊक आहेत.

स्वतःचं क्लिनिक चाललं तर मिळकत चांगली होते, पण ती तासांवर बांधलेली. तू बोललीस तर पैसे, आजारी पडलीस तर शून्य. मे महिन्यात पेशंट गावी, गणपतीत आणि दिवाळीत सुट्टी, परीक्षेच्या दिवसांत "मॅडम, पेपर झाल्यावर येतो." सलग सहा-सात सत्रं घेतल्यावर आमचाच आवाज बसतो, आणि आम्हीच इतरांना आवाज जपायला शिकवतो! पुण्या-मुंबईत सेंटरांची गर्दी झालीय. सोलापूर, लातूर, परभणी, गडचिरोलीकडे मात्र पालक थेरपीसाठी अजूनही जिल्हे ओलांडून जातात. गावाकडे प्रॅक्टिस काढलीस तर पहिली दोन वर्षं लोकांना हे काम काय आहे ते समजावण्यात जातील. एक बालरोगतज्ज्ञ आणि एक कान-नाक-घसावाले डॉक्टर पेशंट पाठवायला लागले की पुढे जाहिरातीची गरज उरत नाही.

परदेश. जाता येतं, पण नर्सिंगइतकं सरळ नाही. अमेरिकेत स्पीचसाठी मास्टर्स किमान लागतं. बहुतेक मुली तिथेच दोन वर्षांचं मास्टर्स करतात, ४०० तासांचं क्लिनिकल काम पूर्ण करतात, प्रॅक्सिस परीक्षा देतात, आणि मग पूर्ण वेळ धरला तर ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचं काम. ऑडिओलॉजीसाठी तिथे डॉक्टरेट पातळीची एयूडी लागते. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या स्पीच थेरपिस्टकडून आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ८ आणि कुठल्याही भागात ७.५पेक्षा कमी नाही, अशी अपेक्षा असते. इतर बहुतेक आरोग्य व्यवसायांपेक्षा ही अट कडक आहे, आणि ते रास्तच म्हणायला हवं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या स्पीच थेरपिस्टच्या संघटनांमध्ये एकमेकांची पात्रता मान्य करण्याचा करार आहे. भारत त्यात नाही.

परदेशातल्या मराठी घरांतून ऑनलाइन थेरपीची मागणी खरी आहे. न्यू जर्सीतल्या नातवाने आजीशी मराठीत बोलावं म्हणून फोन येतात. पण मूल अमेरिकेत बसलेलं असेल तर परवाना बहुधा त्या राज्याचा लागतो, तुझा आरसीआय नंबर तिथे चालत नाही. हे न बघता रात्री अकराला सत्रं घेणारे बरेच आहेत. तू आधी विचारून घे.

वडिलांच्या फिजिओथेरपीबद्दल. ती उत्तम शाखा आहे, लोकांना माहीत आहे, आणि म्हणूनच तिथे कॉलेजंही भरपूर आणि पदवीधरही. बीएएसएलपीची कॉलेजं राज्यात मोजकी आहेत. मागणीचा विचार केलास तर इकडे बाजू बरी. पण हात लावून, व्यायाम घेऊन, महिन्याभरात गुडघा वाकलेला बघण्यात तुला समाधान वाटत असेल तर वडिलांचं ऐक. आमच्याकडे गुडघा इतक्या लवकर वाकत नाही.

मामाच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य झालं. त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, श्रवणदोष तर आहेच. या प्रत्येकासाठी तपासणारं आणि शिकवणारं माणूस लागतं. मामाच्या घरात कुणाला पक्षाघात झाला तर डिग्रीचं नाव आठवड्याभरात पाठ होईल. तशी वेळ मात्र येऊ नये.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी कर. घरात किंवा शेजारी दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर आईला विचारून त्याच्या गप्पा पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि तो जे जसं बोलला ते तसंच देवनागरीत लिहून काढ. सुधारायचं नाही, "पानी" असेल तर पानी, अर्धवट असेल तर अर्धवट. पाच मिनिटांच्या बोलण्याला तास-दीड तास लागेल. त्या वेळात तुला मजा आली, "हा र आणि ल कुठे बदलतो?" असं कुतूहल वाटलं, तर पुढची चार वर्षं जमतील. डोकं उठलं तर तेही प्रामाणिकपणे लक्षात घे. हौस असेल तर प्राट नावाचं आवाजाचं विश्लेषण करणारं मोफत सॉफ्टवेअर उतरवून स्वतःचा "स" आणि "श" पडद्यावर कसे दिसतात ते बघ.

दुसरं, एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या वाचा-श्रवण विभागात विभागप्रमुखांची परवानगी घेऊन एक सकाळ नुसती बसून राहा. आणि कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत, एसी, सेमिनार हॉल यांकडे लक्ष देऊ नकोस. शिकवणाऱ्यांना बाजूला सोडून तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार: रोज पेशंट किती येतात? तुमच्या वाट्याला स्वतंत्र केस कधी आली? मोठ्या माणसांचे पेशंट बघितलेत का, की नुसती मुलंच? बेरा मशीन चालू आहे की कव्हर घालून ठेवलंय? वॉर्डात गिळण्याच्या केससाठी बोलावतात का? सत्रानंतर कुणी चुका दाखवतं का, की फक्त वहीवर सही होते? हॉस्टेलचंही तिथेच विचारून घे. आरसीआय प्रत्येक संस्थेला ठरावीक मुदतीपुरती मान्यता देते, तिची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. तुझ्या प्रवेशाच्या वर्षी त्या कॉलेजची मान्यता चालू आहे ना, हे स्वतः बघ. एजंटच्या शब्दावर विसंबू नकोस.